नाताळचे सिनेमे कसे पाहावेत: नवशिक्या आजी-आजोबांसाठी

डिसेंबरात मुलाकडे न्यू जर्सीला किंवा लेकीकडे शिकागोला निघालेल्या ज्येष्ठांना थर्मल, लोकरी मोजे आणि बीपीच्या गोळ्या यांची यादी सगळेच देतात. तिथे पोचल्यावर संध्याकाळी सोफ्यावर बसवून जे दाखवलं जातं, त्याची तयारी मात्र कोणी करून घेत नाही. मग आजोबा मध्येच विचारतात, "पुढे काय होतं याचं?" आणि नातवंडं एकमेकांकडे बघतात.

तेव्हा पहिला नियम: पुढे काय होतं हे कळावं म्हणून नाताळचा सिनेमा पाहत नाहीत. ते घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. 'अशी ही बनवाबनवी' आपण आजही कशासाठी लावतो? अशोक सराफांच्या आधी पुढचं वाक्य आपल्या तोंडून निघावं म्हणून. इथेही तेच. फरक एवढाच की इथे वाक्यं घरच्यांची असतात आणि तुमचा कार्यभाग ऐन वेळी हसण्याचा.

वेषाचं आधी उरकून घेऊ. २४ तारखेच्या सुमारास सूनबाई एक खोका उघडतील. त्यात घरातल्या प्रत्येकासाठी एकाच कापडाचा पायजमा असेल. लाल चौकडी, वर हरणं. कुत्रा असेल तर त्यालाही. आजोबांचा पायजमा एक्स्ट्रा लार्ज निघतो, पायात चार बोटं लोळतो आणि त्याला नाडीऐवजी इलॅस्टिक असतं. कुरकुर न करता घालावा. फोटो काढला जाईल आणि तो तुमच्या पुण्याच्या व्याह्यांपर्यंत दहा मिनिटांत पोचेल. हातात कोकोचा मग दिला जाईल, वर मार्शमेलो तरंगत असतील. चकली बुडवून पाहू नये.

सुरुवात लहानांच्या कार्यक्रमांपासून करतात. 'रुडॉल्फ' हा लाल नाकाचा रेनडिअर. त्याचा जन्म १९३९ साली माँटगोमेरी वॉर्ड या दुकानांच्या साखळीने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटलेल्या पुस्तिकेत झाला, म्हणजे मूळ मामला जाहिरातीचा. त्यावरचा टीव्ही कार्यक्रम १९६४चा. त्यातल्या बाहुल्या जपानमध्ये एकेक चित्र टिपून हलवलेल्या आहेत. आजोबांनी इथे प्राणिशास्त्र काढू नये. रेनडिअरच्या नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडाशी गळतात, नाताळपर्यंत ती बहुधा माद्यांच्याच डोक्यावर उरतात, हे खरं आहे. पण पाच वर्षांच्या नातवाला ते ऐकवणाऱ्या आजोबांना पुढच्या कार्यक्रमाला स्वयंपाकघरात बसवतात.

'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' लागला की मात्र नीट सरसावून बसा. अर्ध्या तासाचा, डिसेंबर १९६५चा हा कार्यक्रम मला या सगळ्या गोतावळ्यात उजवा वाटतो. चार्ली नावाचा मुलगा नाताळच्या बाजारूपणाला कंटाळतो आणि दुकानातलं सगळ्यात मरतुकडं झाड निवडून आणतो. आवाज खऱ्या मुलांचे आहेत. काही इतकी लहान होती की त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून एकेक वाक्य सांगून त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. मागे व्हिन्स ग्वाराल्डीचा जॅझ, आणि 'इथे हसा' असं सांगणारं ध्वनिमुद्रित हसू कुठेही नाही. सीबीएस वाहिनीच्या साहेबांनी आधी पाहिला तेव्हा हा आपटणार अशी त्यांची खात्री झाली होती: फार संथ, आणि मुलांच्या कार्यक्रमाला जॅझ कशाला? प्रक्षेपणाच्या रात्री टीव्ही चालू असलेल्या घरांपैकी जवळपास निम्म्या घरांत तो चालला. बाजारूपणावरच्या या टीकेचे पैसे कोका-कोलाने दिले होते. हे मुलाला जरूर सांगा, त्याला आवडेल.

आता मोठ्यांचा सिनेमा. 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६, कृष्णधवल, दिग्दर्शक फ्रँक काप्रा. कर्जाने पिचलेला जेम्स स्ट्यूअर्ट नाताळच्या आदल्या रात्री पुलावर जीव द्यायला उभा राहतो आणि एक धांदरट देवदूत त्याला दाखवतो, की तू जन्मलाच नसतास तर या गावाचं काय झालं असतं. इथे रडायची परवानगी आहे. सिनेमा तेव्हा तोट्यात गेला. १९७४ साली कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, आणि फुकटात मिळतोय म्हटल्यावर अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांनी दर डिसेंबरला तो वाट्टेल तितक्या वेळा दाखवला. वीस वर्षांत देशाचा लाडका होऊन बसला. कारकुनी चूक झाली नसती तर तो एखाद्या गोदामात पडून राहिला असता असं मला वाटतं. म्हणून पहिल्यांदा पाहताना कंटाळा आला तर मनाला लावून घेऊ नका. अमेरिकनांनाही तो पहिल्या झटक्यात आवडला नव्हता.

यातला बर्फ बारकाईने बघा. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, भर उन्हाळ्यात झालं. त्याआधी हॉलिवुडात बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरत. त्यावर पाऊल पडलं की कुर्रकुर्र आवाज येई आणि संवाद मागाहून भरावे लागत. काप्राच्या माणसांनी आग विझवण्याचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण करून ते फवारलं. त्या बर्फात स्ट्यूअर्ट धावतो तेव्हा अंगाला खरा घाम आलेला आहे.

'होम अलोन' (१९९०) हा नातवाचा प्रांत. घरचे पॅरिसला जातात आणि आठ वर्षांचा केव्हिन माळ्यावर झोपलेला राहतो. आजींना इथे हटकून बोलावंसं वाटतं: "अगं बाई, पोर मोजायला नको?" मोजतात हो! शेजारचा आगाऊ मुलगा गाडीत डोकावत असतो, तोच केव्हिनच्या जागी मोजला जातो. पुढे चोर जिन्यावरून आपटतात, रंगाचे डबे तोंडावर खातात, तेव्हा नातू प्रत्येक सापळा दोन सेकंद आधी जाहीर करील. "मला माहीत होतं" म्हणू नका. फावडं घेतलेला म्हातारा शेजारी पहिल्यांदा दिसला की दचकायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तितकंच दचकायचं. हे जमलं की तुम्ही पास.

हॉलमार्क वाहिनीचं वेगळं. शहरातली कामात बुडालेली मुलगी लहान गावी येते, तिथे नाताळच्या झाडांची शेती किंवा बेकरी बंद पडायला आलेली असते, चौकटीचा शर्ट घातलेला एक तरुण असतो. चुंबन शेवटच्या पाच मिनिटांत. असे नवे सिनेमे दरवर्षी डझनांनी येतात आणि ऑक्टोबरातच सुरू होतात. बरेचसे कॅनडात, तेही पुष्कळदा उन्हाळ्यात चित्रित होतात. मराठी मालिकांवर पोसलेल्या आजींना इथे चुकल्याचुकल्यासारखं होईल, कारण कटकारस्थान करणारी सासू शेवटपर्यंत येतच नाही. खलनायक म्हणजे शहरातला होणारा नवरा, आणि त्याचा गुन्हा काय, तर जेवताना फोन घेतो.

'डाय हार्ड' (१९८८) नाताळचा सिनेमा आहे की नाही, यावर जावई आणि त्याचा भाऊ भांडतील. गोष्ट नाताळच्या आदल्या रात्रीची, प्रदर्शन जुलैचं. ब्रूस विलिस स्वतः २०१८मध्ये 'नाही' म्हणाला, तरी वाद मिटलेला नाही. पाहुण्याने बाजू घेऊ नये.

एखाद्या सकाळी पडद्यावर नुसती जळती शेकोटी दिसेल. चॅनेल अडकलं समजून रिमोट दाबत सुटू नका. हा कार्यक्रमच आहे. न्यू यॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीने १९६६च्या नाताळच्या आदल्या दिवशी जाहिराती बाजूला ठेवून, ज्यांच्या घरात शेकोटी नाही त्यांच्यासाठी हे दाखवलं. चित्रीकरण महापौरांच्या निवासस्थानी झालं. ज्वाळा नीट दिसाव्यात म्हणून पुढची जाळी काढली, ठिणगी उडाली आणि गालिचा जळाला. हाती लागलेला तुकडा सतरा सेकंदांचा, तोच तासन्‌तास फिरवला. पुढे नवं चित्रीकरण करायची वेळ आली तेव्हा ते कॅलिफोर्नियात, ऑगस्टच्या उन्हात उरकलं. सगळ्या नाताळी कार्यक्रमांत आजोबांना झोपायला हा सर्वोत्तम.

राहिला जेट लॅग. नुकतेच पोचला असाल तर पहाटे तीनला टक्क जाग येणारच. ती वाया घालवू नका. २४च्या संध्याकाळपासून चोवीस तास टीबीएस वाहिनीवर 'अ ख्रिसमस स्टोरी' (१९८३) हा एकच सिनेमा लागोपाठ बारा वेळा लावण्याची प्रथा आहे. राल्फी नावाच्या मुलाला छऱ्यांची बंदूक हवी असते आणि जो तो त्याला "डोळा फोडून घेशील" असं बजावतो. मध्येच बसलात तरी चालतं; शेवट झाला की सुरुवात येते, ती पाहून उठायचं. आवाज चारच्या वर नेऊ नका. अमेरिकेतल्या घरांच्या भिंती आतून पोकळ असतात, आणि सूनबाई रात्री एकपर्यंत भेटवस्तूंना कागद गुंडाळत बसलेल्या असतात.