नाणेकाकांची निवृत्ती

पन्नासेक बिऱ्हाडांची सोसायटी झाली की तिच्यात एक नाणेकाका आपोआप उगवतो. गच्चीची गळती निदान बिल्डरच्या माथी मारता येते, नाणेकाकाची जबाबदारी कुणीच घेत नाही. वीज मंडळातून, विक्रीकरातून नाहीतर एखाद्या सहकारी बँकेतून तो रीतसर निवृत्त झालेला असतो. शाल, नारळ, दोन भाषणं. एका दुपारीत काम संपलं. नाण्यांतून निवृत्त व्हायचं मात्र त्याचं अजून चालूच आहे.

भाजीवाल्याकडून सुटे घेतले की हा माणूस ते मोजत नाही, उलटे करून सालाखाली बघतो. चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. भाजीवाल्याला वाटतं, काकांचा आपल्यावर भरवसा नाही. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंना वाटतं, काकांना दिसत नाही. बाईंचं बरोबर आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन काका सारखं पुढे ढकलतात, कारण डॉक्टर देतात ती तारीख नेमकी कुठल्या तरी नाणेप्रदर्शनाच्या आठवड्यात येते.

छंद कसा लागला, हे विचारू नये. चहा गार होतो. थोडक्यात सांगायचं तर १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि आणा झाला सव्वासहा नव्या पैशांचा. वरचा पाव पैसा कुणी सोडायचा याचा मोठ्यांमध्ये खल चाललेला असताना अर्ध्या चड्डीतल्या नाणेकाकांनी वडिलांच्या कोटाच्या खिशातून एक ढब्बू पैसा उचलला. त्याला ते आजही ‘पहिलं संपादन’ म्हणतात. वडिलांनी त्याला वेगळं नाव दिलं होतं.

विद्या मात्र खरी. शिवराई समोर आली की काकांचा आवाज खाली येतो. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. पण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर ‘राजा’ असतो तर ‘शिव’ काठाबाहेर गेलेला, दुसऱ्यावर नुसता ‘छत्र’. दोन ओळी धड वाचता याव्यात म्हणून काकांनी पत्र्याची एक पेटी शिवरायांनी भरली. १९११ च्या रुपयाची गोष्ट ते पाहुण्याला हमखास ऐकवतात. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ मध्ये हत्तीला पुरेशी सोंड मिळाली. पाहुणा हसतो. मग पाहुण्याला हत्तीचे दोन्ही नमुने भिंगातून बघावे लागतात.

एका दिवाळीत काकूंनी पेटीतल्या मूठभर शिवराया चिंच लावून लखलखीत केल्या. तांब्यावर तीनशे वर्षं चढत गेलेला काळपट मुलामा म्हणजे संग्राहकाचा जीव. तो अर्ध्या तासात मोरीत गेला. काका सांगतात, मी तीन दिवस जेवलो नाही. काकू म्हणतात, रात्रीच जेवले, श्रीखंड होतं.

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन सोसायटीतलं कुणी ना कुणी येतंच. मोबाईलवर त्याचे लाख रुपये मिळतात असं वाचलेलं असतं. काका नाणं हातात घेतात, भिंग लावतात, वजन करतात आणि गंभीरपणे किंमत सांगतात: पाच रुपये. असल्या जाहिरातींपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये बजावलं होतं, पण काकांची फी बँकेपेक्षा कमी. एक कप चहा.

निवृत्तीची पहिली घोषणा सत्तरीला होते. निमित्त लॉकरच्या भाड्याचं, किंवा न्यू जर्सीहून मुलानं फोनवर विचारलेलं असतं, “बाबा, ह्या सगळ्याचं पुढे काय?” त्याच रात्री काका जाहीर करतात, “बास. आता एकही नाणं घेणार नाही.” ही बातमी पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एकेका विक्रेत्याला ते स्वतः जाऊन सांगतात. रविवारी जातात, आणि कुणी राहिला असेल म्हणून बुधवारीही जातात. विक्रेते मुरलेले. “मग काका, हा शेवटचा पीस तुमच्यासाठीच ठेवलाय,” म्हणत ते पुडी सोडतात. शेवटच्या नाण्याला घासाघीस करणं बरं दिसत नाही, म्हणून काका मागेल ती किंमत देतात. छंद सोडल्यापासून खर्च वाढला, तो असा.

बरं, जमवलेलं द्यायचं कुणाला? दिनकर केळकरांनी जन्मभर गोळा केलेल्या वस्तू राज्य सरकारच्या हवाली केल्या, त्याचं संग्रहालय झालं, हा दाखला काकांच्या तोंडात कायम. केळकरांकडे अडकित्ते होते, दिवे होते, मस्तानी महाल होता. तुमच्याकडे एकाच सालच्या चौदा पावल्या आहेत, हा फरक काकू दाखवून देतात. शिवाय संग्रहालयवाले आधी यादी मागतात. काका यादी करायला बसतात. यादी केली की मधली राहिलेली सालं दिसतात, आणि अपुरी यादी कुणाला दाखवायची कशी? म्हणजे पुन्हा रविवार.

मुलाला द्यावं, तर १९७२ चा पुराणवस्तू कायदा आडवा येतो. शंभर वर्षं पुरी झालेली अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. शिवराया गेल्या, व्हिक्टोरिया गेली, सातवा एडवर्ड गेला, आणि पाचवा जॉर्ज दर वर्षी एकेका सालानं हद्दीच्या आत सरकतोय. काका जितका विचार करतील तितका मुलाचा वाटा कमी. हे ध्यानात आल्यापासून काका फार निवांतपणे विचार करतात.

थांबायची वेळ कोणती, हे बाहेरच्यानं सांगू नये. तरी माझ्या मते ती गेल्या पावसाळ्यात येऊन गेली. काकांनी १८६२ चा व्हिक्टोरियाचा रुपया आणला. पुढची अनेक वर्षं टांकसाळीत नाण्यावर १८६२ हेच साल उमटत राहिलं आणि संग्राहक मंडळी ठिपके मोजून खरं वर्ष ठरवू लागली. पुडीवर पेन्सिलीनं बारीक टिपण होतं: ‘ठिपके वर एक, खाली दोन. कान किंचित झिजलेला. उत्तम.’ काका खूश. “ज्यानं कुणी लिहिलंय त्याला नजर होती!”

काकूंनी पुडी उजेडात धरली. “अहो, हा ‘झ’ तुमचा आहे.”

पहिल्या निवृत्तीत काकांनी दुबार नाणी विकली होती, त्यातलं हे. तेव्हा सहाशेला दिलेलं, आता बावीसशेला घेतलेलं. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “बघ, केवढी वाढली किंमत! मी म्हणत होतो ना, यात गुंतवणूक आहे म्हणून?”

त्यानंतर काकांनी खरंच मनावर घेतलं, हे कबूल करायला हवं. नातेवाइकांना बोलावून पेट्या उघडल्या, हवं ते न्या म्हणाले. मंडळींनी पोहे खाल्ले, कौतुक केलं आणि फ्लॅट लहान असल्याचं सांगितलं. भाचीच्या मुलीला तेवढं गळ्यात घालायला एक नाणं हवं होतं. डाग देणं, कडी लावणं काकांना सोसेना. मग त्यांना भोकाचा पैसा आठवला. महायुद्धात धातू वाचवायला सरकारनं स्वतःच भोक पाडलेलं, १९४३ ते १९४७. दोरा ओवला की झालं. १९४४ चा एक पैसा मुलीच्या गळ्यात गेला. पैसे न घेता घराबाहेर पडलेलं काकांचं ते पहिलंच नाणं. आठवडाभर काका भेटेल त्याला सांगत होते, कसं हलकं वाटतंय.

रविवारी सकाळी त्यांनी अल्बम उघडला. १९४३ होता, १९४५ होता. मधला कप्पा रिकामा.

“अहो, पिशवी घेऊन कुठे? बंद केलंत ना?”

“घेत नाहीये गं. जे दिलं तेवढं फक्त जागेवर ठेवतोय.”

दुपारी परत आले तेव्हा पिशवीत १९४४ चे तीन पैसे होते, एक लाहोरच्या टांकसाळीचा. काकूंनी हात पुसले आणि भाचीला फोन लावला. “पोरीला सांग, आजोबांकडे पुन्हा काही मागू नकोस. आम्हाला परवडत नाही.”