हातोडा की फाशी?

आमच्या जेऊरला मेणबत्ती आजवर दोनच कारणांनी निघायची: लाइट गेली की, नाहीतर वाढदिवसाचा केक आला की. आता ती रोज सकाळी सव्वानऊला निघते. स्टेशनजवळच्या टपरीवर गाडी चुकलेले आणि कुठेच जायचं नसलेले असे आम्ही चहा घेत असतो. पुतण्या मोबाइल आडवा धरून बजावतो, "काका, पंधरा मिनटाची कँडल बनतीय. बोलू नका."

आम्ही बोलत नाही. इतकं गप्प आम्ही फक्त दहाव्याला, पिंडाला कावळा शिवेपर्यंत बसतो.

शास्त्र तसं सोपं आहे. शेअरचा भाव तेवढ्या वेळात कुठं उघडला आणि कुठं बंद झाला, ते मधलं जाड अंग. वर-खाली जिथवर जाऊन आला, त्या वाती. चढून बंद झाला तर हिरवी, उतरून झाला तर लाल. अठराव्या शतकातल्या होन्मा मुनेहिसा नावाच्या जपानी तांदूळ व्यापाऱ्याकडे या विद्येचं मूळ सांगतात. १९९१ साली स्टीव्ह निसन या अमेरिकन माणसानं त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. तिथून जेऊरला यायला तिला मोबाइल स्वस्त होईपर्यंत थांबावं लागलं, एवढंच.

परवा पुतण्या एकदम ओरडला, "हरामी!" टपरीवाल्यानं हातातली उधारीची वही मिटली. मग खुलासा झाला, की जपानीत त्याचा अर्थ गरोदर. मोठ्या मेणबत्तीच्या पोटात छोटी दिसली की तसं म्हणायचं. टपरीवाल्यानं वही पुन्हा उघडली, पण पुतण्याचंच पान काढलं.

मला खरा भावला तो हातोडा. बुटकं डोकं, खाली लांब शेपूट. भाव पडत आलेला असताना दिसला तर तो हातोडा, म्हणजे आता चढणार. हुबेहूब तीच आकृती भाव चढत आलेला असताना दिसली, तर तिचं नाव फाशी गेलेला माणूस, म्हणजे आता पडणार. थोडक्यात, आजवर काय झालं ते बघायचं आणि त्याच्या उलटं सांगायचं. आमच्या लहानपणी दारावर येणारा कुडमुड्या जोशी याहून वेगळं काही करत नव्हता. त्याला पसाभर जोंधळे पुरत. डिमॅट खातं लागत नसे.

"आणि हातोडा येऊनही पडला तर?"

"मग कन्फर्मेशन नव्हतं, काका. दुसऱ्या दिवशीची कँडल बघायची असती."

म्हणजे उद्याचं भविष्य आजची मेणबत्ती सांगणार आणि ते खरं होतं का, हे उद्या कळणार. एवढं तर मीही सांगतो, तेही चहावर.

३ जून २०२४ ला लोकसभेच्या एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला. टपरीवर सगळ्यांना पुतण्यातर्फे चहा. ४ जूनला मतमोजणी झाली आणि तो ४,३८९ अंशांनी आपटला. त्या दिवशीचा चहा वहीत आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात सेबीनं सांगितलं, की तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभर किरकोळ लोकांपैकी ९३ तोट्यात गेले. मी कात्रण पुढे केलं. "बघा," तो म्हणाला, "सात जण कमावत्यात!"

तसं रोज आकडा बघायचं व्यसन आम्हालाही आहेच. उजनीची टक्केवारी कळल्याशिवाय इथं कुणाला घास गिळत नाही. शेअर कितीही पडला तरी शून्यावर थांबतो. आमचं धरण मृतसाठ्यात शिरलं की वजा पन्नासचीही बातमी देतं. आणि केळी! सकाळी व्यापारी फोनवर एक भाव सांगतो, तोडणीची टोळी बागेत शिरली की दुसरा आणि गाडी भरली की तिसरा. उघडतो तोच सगळ्यात वरचा, बंद होतो तोच सगळ्यात खालचा. वातच नाही, नुसतं लाल अंग. अशा मेणबत्तीला जपानी लोक मारुबोझू म्हणतात, म्हणजे तासलेलं डोकं. हजामतीला इतकं नेमकं नाव आम्हाला सुचलं नव्हतं.

पुतण्याच्या वडिलांची बाग आहे. पण त्या भावाचा चार्ट कुठल्याच अ‍ॅपवर नाही, म्हणून तो बघत नाही.

काल साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा सलग दुसरी लाल मेणबत्ती होती. तिसरी आली की त्याला तीन काळे कावळे म्हणतात, फार वाईट. एवढ्यात टपरीच्या पत्र्यावर खरोखरचा कावळा येऊन बसला. सवयीनं मी हात जोडले. पुतण्यानं वर बघितलं, आजूबाजूच्या तारा न्याहाळल्या आणि म्हणाला,

"एकच हाय. काय नाय होत, काका."

टपरीवाला वहीतून मान वर न करता म्हणाला, "मागं लिंबावर दोन बसल्यात."

पुतण्यानं मोबाइल उलटा ठेवला आणि लिंबाकडं बघायला गेला.