ठोकळ्यांची पायरी

दृश्य प्रोग्रामिंग म्हणजे आज्ञा टाइप न करता ठोकळे, चित्रे किंवा तक्ते जोडून संगणकाला कामाला लावण्याची पद्धत. या पद्धतीने खेळ तयार होतो, तो चालतो, खेळणाऱ्याला मजाही येते. फक्त तो करणाऱ्याला प्रोग्रामर म्हणायचे की नाही, यावर जाणकारांचे एकमत होत नाही. हे झाले सौजन्याचे बोलणे. खरे तर ‘म्हणायचे नाही’ यावर बहुतेकांचे एकमतच आहे.

या साधनांपैकी सर्वांत प्रसिद्ध स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते घडवले आणि 2007 मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यातले रंगीत ठोकळे एकमेकांत बसत असतील तरच जुळतात. त्यामुळे एक अर्धविराम राहिला म्हणून अख्खी रात्र जागण्याचा जो पारंपरिक संस्कार आहे, त्याला विद्यार्थी मुकतो. उदाहरण जवळचेच घेऊ. तुकोबारायांच्या पालखीचे पहिले गोल रिंगण, म्हणजे घोड्याची गोल दौड, इंदापूर तालुक्यात बेलवडीला होते. त्याचा खेळ करायचा तर घोड्याचे चित्र घ्यावे, ‘24 वेळा करा’ या ठोकळ्याच्या पोटात ‘10 पावले चाल’ आणि ‘15 अंश वळ’ हे दोन ठोकळे बसवावेत आणि सर्वांत वर हिरव्या झेंड्याचा ठोकळा ठेवावा. 24 गुणिले 15 म्हणजे 360, त्यामुळे घोडा जिथून निघाला तिथेच परत येतो. रिंगण फार लहान वाटल्यास पावले वाढवावीत. सहावीच्या मुलांना हे अर्ध्या तासात जमते, आणि कमीपणाचे मूळ नेमके तिथेच आहे. जे सहावीला जमते ते शिकायला चार वर्षे आणि एवढी फी का लागली, याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते.

हा कमीपणा घरोघरी रंगावरून ठरतो. पडदा काळा आणि अक्षरे हिरवी असली, की मुलगा काम करतो आहे असे समजून त्याच्या उशाशी दूध ठेवले जाते. पडद्यावर स्क्रॅचचे नारिंगी मांजर चालत असेल, तर तो गेम खेळतो आहे. ‘आमचा बाळू कोडिंग करतो,’ असे सांगून आई चहा टाकायला आत जाते, आणि पाहुणे त्या मांजराकडे बघून म्हणतात, ‘अजून लहानच आहे म्हणायचा.’ मांजराऐवजी सापळ्यासारखे काहीतरी गंभीर चित्र निवडले असते, तर या साधनाची प्रतिष्ठा निम्म्याने वाढली असती.

अभियांत्रिकीच्या वर्गात निकष जास्त शास्त्रीय असतात. तिथे उतरंड असते. सी लिहिणारा जावावाल्याला आळशी समजतो, जावावाला पायथॉनवाल्याला, आणि पायथॉनवाल्याला खाली बघायला कोणीतरी लागतेच. त्याच्या वाट्याला ठोकळेवाला येतो. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत खेळ चालतो का, यापेक्षा ‘कोड कुठंय?’ हा प्रश्न मोठा ठरतो. ठोकळे दाखवले, तर ‘हे नव्हे, खरा कोड,’ असे म्हटले जाते. हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या प्रसिद्ध पहिल्या अभ्यासक्रमात, सीएस50 मध्ये, सुरुवात स्क्रॅचने होते. ही माहिती त्या वेळी देण्यात अर्थ नसतो. परीक्षक हार्वर्डचे नसतात.

सोप्या साधनाला हसण्याची ही रीत जुनी आहे. यंत्राचे आकडे हाताने लिहिण्याच्या काळात, 1952 च्या सुमारास, संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी ते काम संगणकाकडूनच करवून दाखवले, तर संगणकाला असले जमते यावर बराच काळ कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते. 1957 मध्ये फोरट्रान ही भाषा आली. हाताने लिहिलेल्या आज्ञांइतकी वेगवान ती असणेच शक्य नाही, असे जुने लोक म्हणत. 1964 मध्ये डार्टमथ महाविद्यालयात नवख्यांसाठीच बेसिक भाषा जन्माला आली. 1975 मध्ये डाइक्स्ट्रा या थोर संगणकशास्त्रज्ञाने एका टिपणात जाहीर केले, की बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्याची पुढे दुरुस्ती होत नाही. तरीही बेसिक शिकलेली मुले मोठी झाली, कामाला लागली, आणि यथावकाश ठोकळेवाल्यांना हसू लागली.

खेळांच्या बाजारात मात्र साधन कोणी विचारत नाही. ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ हा 2014 चा भयखेळ स्कॉट कॉथन यांनी क्लिकटीम फ्यूजनमध्ये केला. या साधनात ‘असे झाले तर तसे कर’ हे एका तक्त्यात खुणा करून भरायचे असते. पुढे त्या खेळावर 2023 मध्ये हॉलिवुडचा चित्रपटही निघाला. शब्द ढकलून नियम बदलायला लावणारा ‘बाबा इज यू’ याच कुळातल्या साधनात घडला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 मध्ये आला आणि त्या वर्षीच्या गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. तो ज्या अनरियल इंजिन 4 वर उभा आहे, त्यात 2014 पासून ब्लूप्रिंट नावाची, तारांनी चौकोन जोडण्याची सोय आहे. ब्लूप्रिंटला कोणी बालिश म्हणत नाही. नाव भारदस्त आहे आणि मांजर नाही.

बारामती-इंदापुरात दृश्य प्रोग्रामिंग बघायचे असेल, तर मात्र क्लास सोडून साखर कारखान्याची वाट धरावी. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा ही नावे घेतली, की मोळी, गव्हाण, बॉयलर आणि संचालक मंडळाची निवडणूक डोळ्यांसमोर येते. पीएलसी येत नाही. पण आजच्या साखरधंद्यात ऊस पुढे नेणाऱ्या कॅरिअरचा वेग, मिलच्या तोंडाशी साचलेल्या उसाची पातळी, साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगलचे भरणे-फिरणे-धुणे ही कामे पीएलसी नावाच्या डब्यातल्या संगणकाकडे असतात, आणि त्याला काय करायचे ते बहुतेक वेळा लॅडरमध्ये सांगतात. लॅडर म्हणजे चित्रच. दोन उभ्या रेघा, मध्ये शिडीसारख्या आडव्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर डावीकडे संपर्क आणि उजवीकडे कॉइल. बटण दाबले आहे, तेलाचा दाब पुरेसा आहे, झाकण बंद आहे. तिन्ही जुळले तर मोटार चालू. स्क्रॅचमधल्या ‘जर-तर’च्या ठोकळ्यात आणि यात फरक आहे तो मोटारीचा.

ही शिडी मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. 1968 मध्ये जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाला गाडीचे मॉडेल बदलले, की रिलेंची कपाटेच्या कपाटे नव्याने वायरिंग करण्याचा वीट आला होता. त्यातून डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांचा मोडिकॉन 084 तयार झाला. अट अशी होती, की कारखान्यातल्या वायरमनला तो समजला पाहिजे. म्हणून वायरिंगचा नकाशाच प्रोग्रामिंगची भाषा झाला. म्हणजे नवख्यांसाठीचेच साधन. 1993 च्या आंतरराष्ट्रीय मानकात पीएलसीच्या पाच भाषा मान्य झाल्या, त्यांतल्या तीन चित्रांच्या. तरी लॅडर करणाऱ्याला कोणी ‘खरा कोड कुठंय’ विचारत नाही. स्क्रॅचमध्ये चूक झाली तर मांजर भिंतीत घुसते. लॅडरमध्ये चूक झाली तर मिल थांबते, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर रस्त्यावर येते, ऊस वाळून वजन घटते आणि चेअरमनसाहेबांचा फोन येतो. चेअरमनसाहेबांचा फोन येऊ शकतो ते काम खरे, अशी व्याख्या या भागात प्रचलित आहे आणि ती डाइक्स्ट्रांच्या निदानापेक्षा टिकाऊ दिसते.

टीकेत तथ्य अजिबात नाही, असे मात्र नाही. ठोकळे दहा असतात तोवर चित्र बोलते; हजार झाले की पडदाभर गुंता होतो आणि हवा तो ठोकळा शोधण्यात दुपार जाते. टाइप केलेल्या मजकुरात दोघांनी केलेले बदल एकत्र करता येतात. चित्रात दोघांनी हात घातला तर एकाचे काम जाते आणि मैत्रीही. गोडो या मोफत इंजिनात 2018 मध्ये दृश्य प्रोग्रामिंग आणले गेले, पण वापरणारे फार थोडे निघाले आणि 2023 च्या चौथ्या आवृत्तीतून ते काढून टाकले गेले. हे दोष साधनाचे आहेत, वापरणाऱ्याच्या बुद्धीचे नव्हेत. पण साधनाला हसण्यात ती मजा नसते.

उतरंडीचा तळ स्क्रॅचवरही लागत नाही. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 2014 मध्ये स्क्रॅचज्युनिअर निघाले. त्यातल्या ठोकळ्यांवर अक्षरेही नाहीत, नुसत्या खुणा आहेत. सहावीतली ताई पहिलीतल्या भावाला ते वापरताना बघते आणि सांगते, की ते काही खरे प्रोग्रामिंग नव्हे.