सिंदी मेघेहून समुद्रकिनारी सायकल : नवशिक्यांसाठी सोपी वाट

ही वाट सोपी आहे. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला नारळी-पोफळी, पाठीशी वारा आणि अधूनमधून पाण्यात एखादं बेट. सुरुवातीचे साडेसातशे किलोमीटर तेवढे हिशेबात धरू नका.

पहिलं काम म्हणजे आपण कुठून निघतोय हे नक्की करणं. वर्धा जिल्ह्यात सिंद्या दोन. एक सिंदी रेल्वे, सेलू तालुक्यातली, नागपूरच्या लोहमार्गावरची. दुसरी आपली सिंदी मेघे, वर्धा शहराला इतकी चिकटलेली की शहर संपलं कधी नि सिंदी लागली कधी ते घरपट्टीच्या पावतीवरूनच कळावं. आजूबाजूला सावंगी मेघे, बोरगाव मेघे, पिपरी मेघे असा सगळा मेघे परिवार पसरलेला आहे. नावात एवढे मेघ असून मे महिन्यात आभाळात एक दिसेल तर शपथ! आता गावाचं नाव शिंदीच्या झाडावरून पडलं असावं, असा माझा तर्क आहे, आणि शिंदी व माड दोघेही ताडाच्याच कुळातले. त्या नात्यानं आपण कोकणचे लांबचे भाचे लागतो. बायकोला ही सहल पटवताना मी हाच मुद्दा मांडला होता. उपयोग झाला नाही.

दुसरं काम, समुद्र नक्की करणं. हे नवशिक्याला वाटतं तितकं सरळ नाही. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर काकिनाड्याकडचा बंगालचा उपसागर साधारण पावणेसहाशे किलोमीटर भरतो आणि वलसाडकडचा अरबी समुद्र त्याहून थोडा जास्त. म्हणजे आपण दोन्ही समुद्रांपासून जवळजवळ सारखेच वंचित. मी अरबी समुद्र निवडला, कारण चाक पंक्चर झालं हे तिथे मराठीत सांगता येतं.

शेजारच्या काकांना हे पटलं नाही. "कायले जाता जी एवढ्या दूर? पवनारले जा. धामचं पानी शेवटी समुद्रातच जाते ना? तिथंच पाय बुडवा अन् या घरी." भूगोल म्हणून काका बरोबर आहेत. धाम नदीचं पाणी वर्धा नदीत जातं, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी सगळ्यांना घेऊन समुद्राला मिळते. पाण्याला हा प्रवास विनातिकीट पडतो. आपल्याला पडत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. आपल्याच जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे. उत्साहाच्या भरात पाटी वाचून तिकडे वळू नका. समुद्रपुरात कापूस आहे, तूर आहे, सोयाबीन आहे, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद आहे. समुद्र सोडून सगळं आहे. नारळसुद्धा आहेत, म्हणजे होते. त्याच तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा सगळा माल, नारळासकट, त्यांनी दगडाचा करून टाकला, अशी तिथली आख्यायिका. टेकडीवर गोल गोल गोटे विखुरलेले दिसतात. भूगर्भवाले त्यांना झिओलाइट म्हणतात, बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणारं खनिज. आम्हा विदर्भवासीयांच्या वाट्याला आलेला किनारा तो हा: नाव समुद्राचं, नारळ दगडाचे.

तरीही सरावाला समुद्रपूर चांगलं. मी ते केलं. येऊन-जाऊन शंभराच्या आसपास पडतं आणि समुद्र दिसणार नाही याची आधीच खात्री असल्यामुळे निराशा होत नाही.

पण एकदम शंभर कशाला? सेवाग्रामपासून सुरू करा, ते आठेक किलोमीटर आहे. गांधीजींच्या बापूकुटीसमोर सावलीत बसा, पाणी प्या आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. हा माणूस समुद्रकाठी पोरबंदरला जन्मला. १९३० साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर २४ दिवसांत चालत गेला, समुद्राचं मीठ उचललं आणि स्वराज्य मिळेपर्यंत आश्रमात परतणार नाही म्हणाला. मग वर्ध्याला आला आणि १९३६ पासून इथे सेवाग्रामला राहिला. समुद्रावरून वर्ध्याला येण्याचा रस्ता असा पूर्वीच मळलेला आहे. आपल्याला फक्त उलटी दिशा धरायची आहे आणि आपल्याला चाकं आहेत. रोजचे सरासरी सोळा किलोमीटर पायी, हा आकडा मी हँडलला चिकटवून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी काढून टाकला, कारण तो प्रोत्साहन देण्याऐवजी टोचत होता.

सायकलबद्दल थोडक्यात. घरात पडलेली चालेल. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर. आमच्याकडे बहुतेक जण सीट इतकी खाली ठेवतात की गुडघे हनुवटीला लागतात, आणि मग सायकलनं गुडघे दुखतात म्हणून सांगत सुटतात. हवा भरपूर भरा. मऊ चाकावर पन्नास किलोमीटर म्हणजे शंभर किलोमीटर. सोबत पंप, ट्यूब आणि वर्ध्याचा खाऊ गोरसपाक घ्या. वर्ध्याचा माणूस परगावी जाताना गोरसपाक नेतोच. फरक इतकाच की सायकलवाल्यानं तो पाहुण्यांसाठी न ठेवता स्वतः खायचा असतो.

आता ते साडेसातशे किलोमीटर. वर्धा जंक्शनवर सायकल पार्सल कार्यालयात नोंदवायची आणि आपण डब्यात बसायचं. सायकल आणि मालक एकाच गाडीनं निघाले याची स्वतः पाहून खात्री करावी. सकाळी मुंबई. तिथून भाऊच्या धक्क्यावर जा. मांडव्याला जाणारी रो-रो बोट मोटारी पोटात घेते, सायकलही घेते. तासाभराचा प्रवास. बोटीत मुंबईकर मोबाईलमध्ये बघत असतात. तुम्ही कठड्याला धरून उभे राहा, तोंड उघडं राहिलं तरी चालेल. वर्ध्याच्या माणसाला त्याचा हक्क आहे.

मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर आणि अलिबागहून मुरूड पन्नासेक. हीच ती सोपी वाट. नियम एकच: जाताना समुद्र उजव्या हाताला ठेवा, येताना डाव्या. समुद्र समोर आला तर थांबा.

निघण्याआधी भरती-ओहोटीचं गणित शिकून घ्या. आपल्याला पूर म्हटलं की वर्षातून एकदा येतो एवढंच माहीत. इथे पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं आणि रोज पाऊण तासापेक्षा थोडं जास्त उशीर करतं. किनाऱ्यावरच्या लोकांचा ढोबळ हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात साधारण सहा तास मिळवा की ओहोटी. आयुष्यभर घरात पंचांग टांगलेलं होतं आणि त्यात समुद्राचं वेळापत्रक आहे हे मला पन्नाशीत कळलं. हे गणित अलिबागला लगेच कामी येतं, कारण समोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. मी हुशारीनं अष्टमी निवडली, म्हणजे ऐन दुपारी बाराला ओहोटी. अष्टमीची ओहोटी अर्धवट असते, पाणी अमावास्या-पौर्णिमेइतकं मागे हटतच नाही, हे हुशारीत बसलं नव्हतं. गुडघाभर पाण्यातून चपला डोक्यावर धरून परतलो.

अलिबाग सोडलं की जवळच आक्षी. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याचा मान मोठा आहे. दम लागलेल्या माणसाला थांबायला याहून सभ्य कारण मिळणार नाही. कुणी विचारलं तर 'भाषेसाठी थांबलोय' म्हणावं. पुढे नागाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या, सावली इतकी दाट की विदर्भातल्या माणसाला अपराधी वाटावं.

सावली असूनही घाम मात्र सुटतो, आणि तो जात नाही. हे नवशिक्यानं नीट समजून घ्यावं. वर्ध्याला पंचेचाळीस अंशांत हवा कोरडी असते, घाम येतो तसा उडून जातो आणि अंग गार राहतं. इथे तेहतीस अंशांतच हवा ओली असते, घामाला जायला जागा नाही. 'आम्ही पंचेचाळीसवाले, आम्हाला काय ऊन सांगता' असं म्हणणारा माझ्यासारखा माणूस रेवदंड्याला झाडाखाली आडवा सापडतो. शहाळं प्या, चिमूटभर मीठ तोंडात टाका, अकरानंतर थांबा. दुपारचा वारा समुद्राकडून वायव्येचा असतो, मुरूडकडे जाताना तो पाठ थोपटतो. परतताना तोच वारा तोंडावर हिशेब मागतो, म्हणून परतीला पहाटे निघा.

रेवदंड्याला अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात तो शेजारच्या चौलला उतरला, विकायला एक घोडा घेऊन. पुढे जुन्नरला तिथल्या खानानं तो घोडाच काढून घेतला. मोठ्या मिनतवारीनं परत मिळाला म्हणे. यातून घ्यायची सूचना : कुलूप लावा.

कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या या गावात पोर्तुगीज-मराठी मिसळीतून झालेली एक बोली आजही बोलतात. मी तिथे वऱ्हाडी बोललो आणि कुणालाच काही विशेष वाटलं नाही. इथून रस्ता चढू-उतरू लागतो. 'सोपी वाट' म्हणणाऱ्यांनी हे चढ मोटारीतून पाहिलेले असतात. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करा, मधोमध केलात तर साखळी उतरते. गिअर नसेल तर उतरून ढकला आणि समुद्राकडे पाहत असल्याचा चेहरा करा.

मग काशीद. सुरूची झाडं, पांढरट वाळू, आणि मी केलेली चूक: सायकल वाळूत घातली. ओल्या घट्ट वाळूवर ती पळते, कोरडीत रुतते आणि आपण पुढे जातो, सायकलशिवाय. इथला समुद्र दिसतो त्यापेक्षा ओढ घेणारा आहे, बरेच जण त्याला फसले आहेत. पाय भिजवा, तेवढं पुरे. वाळूत गेलात तर संध्याकाळी साखळी गोड्या पाण्यानं धुऊन तेल द्या. खारा वारा लोखंड किती पटकन खातो हे आपल्याकडे शिकवत नाहीत.

मुरूड आलं की जंजिरा दिसतो. राजपुरीहून शिडाची होडी तिथे नेते. शिवाजी महाराजांना तो मिळाला नाही. संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून वाट करायचं ठरवलं, तरी मिळाला नाही. तेव्हा तिथे सायकलनं जाता येतं का, हा प्रश्न होडीवाल्याला विचारू नये. मी विचारला होता.

घरी आल्यावर काकांना फोटो दाखवले. त्यांनी एकेक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, पाण्यात कुणीतरी ओळखीचं शोधत असल्यासारखा.

"यातलं धामचं पानी कोनतं जी?"

मी सांगितलं की काका, धाम त्या बाजूला जात नाही, ती बंगालच्या उपसागराला मिळते. हा अरबी.

काकांनी मोबाईल परत दिला. "म्हंजे एवढी सायकल हाकून तुमी दुसऱ्याच समुद्रावर जाऊन आले."