दिवा कुणी लावला?

मे महिन्यात भाचा बंगळूरहून आला तो फणसाच्या गऱ्यांसाठी, असा आईचा समज होता. गरे त्याने खाल्लेच, पण तिसऱ्या दिवशी सकाळी बॅगेतून साबणाच्या वडीएवढी एक पांढरी पेटी काढली, टीव्हीखाली ठेवली आणि म्हणाला, "मामा, आजपासून हे आपल्या घराचं हब."

मराठी शाळेत जन्म गेला असल्यामुळे माझी पहिली काळजी घराची नव्हती, शब्दाची होती. हबला काय म्हणायचं? 'केंद्र' म्हटलं की डोळ्यांपुढे रेशनचं नाही तर मतदानाचं केंद्र येतं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं : तुंबा. बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध जो लाकडाचा गोल ठोकळा असतो, ज्यात सगळे आरे रुतवलेले असतात, तो तुंबा. मी मोठ्या आनंदाने आईला सांगितलं. तिने चष्मा लावून पेटी उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, "तुंबा आला, बरं झालं. पण गाडी कुठं जायची आहे?"

गाडी कुठेही जायची नव्हती. आमचं घर जोयडा तालुक्यात, जंगलाच्या कडेला, उतारावर आहे. समोर दरी, दरीपलीकडे टेकाड, टेकाडावर आणखी चार घरं. दोन घरांमध्ये निदान एक काजूचं रान, एक ओहोळ आणि एक भांडण असावं अशी आमच्याकडची रचना. दिवसा ही घरं झाडीत दिसत नाहीत. रात्री दिसतात, तीही दिव्यांपुरती. अमक्याचा दिवा, तमक्याचा दिवा. माणसांना आम्ही दिवसा नावाने ओळखतो आणि रात्री जागेवरून.

आता पेटीबद्दल थोडं. या पेट्या मुळात टीव्हीवर सिनेमे आणण्यासाठी जन्मल्या. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं, की घरात कायम वीज जोडलेली आणि कधी बाहेर न जाणारी अशी ही एकच वस्तू आहे. फोन हुशार खरा, पण तो मालकाच्या खिशातून बाजाराला जातो. मागे कुणीतरी घरी राहायला हवं. म्हणून ॲपलने आपल्या टीव्हीच्या पेटीवर घरच्या दिव्या-कुलपांचाही कारभार सोपवला आणि गूगलने 2024 साली जो स्ट्रीमर काढला त्यातही ही सोय घातली. आमची पेटी कुठल्या घराण्यातली ते मी सांगत नाही, कारण पुढे घरातल्या खोड्या सांगायच्या आहेत.

भाच्याने पेटीचं ऐकणारे दिवे घरात बसवले, मला हे सगळं समजावून दिलं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. या वस्तूंच्या आपसातल्या बोलण्याचा एक प्रकार थ्रेड नावाचा. थ्रेड म्हणजे धागा. त्यात विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूचा निरोप पुढे देते. ओटीवरच्या दिव्याने माजघरातल्याला सांगायचं, माजघरातल्याने गोठ्यातल्याला. मधला एक बंद पडला तर निरोप दुसऱ्या वाटेने वळसा घालून जातो. मी म्हटलं, अरे, हे आमचं जुनंच आहे. लहानपणी वाडीत कुणी आजारी पडलं की पहिल्या घरचा माणूस हात तोंडाशी धरून कुकारा घालायचा, दुसऱ्या घरचा तो ऐकून पुढे घालायचा, आणि वैद्य घरी नसेल तर परतीचा कुकारा त्याच वाटेने यायचा. भाचा म्हणाला, "अगदी बरोबर मामा, फक्त यात मधला माणूस आपलं मत घालत नाही." हा फरक मोठा आहे, हे मी मान्य केलं. आमच्या कुकाऱ्यात ताप निघाला की तिसऱ्या घरापर्यंत त्याचा विषमज्वर व्हायचा.

यातल्याच दुसऱ्या एका पद्धतीला झिगबी म्हणतात. मधमाश्या नागमोडी नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात, त्यावरून ते नाव पडलं. आणि या वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंना एकमेकींचं बोलणं कळावं म्हणून 2022 च्या ऑक्टोबरमध्ये मॅटर नावाची एक सामाईक भाषा ठरली. ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे त्यात आहेत. जोयड्यात बाजार भरला की कुणबी कोकणीत भाव सांगतो, गवळी त्याच्या मराठीत घासाघीस करतो, हव्यक भट कन्नडात नको म्हणतो, सिद्दी तिन्ही भाषांची मिसळ करून मध्ये पडतो, आणि वांगी शेवटी विकली जातात. मॅटर ती हीच.

पण पेटीला बाजारची भाषा येत असली तरी आमच्या घरची येत नव्हती. खोल्यांना नावं द्यायला बसलो तेव्हा हे कळलं. यादीत लिव्हिंग रूम होती, बेडरूम, किचन, ऑफिस, गॅरेज होतं. ओटी नव्हती, माजघर नव्हतं, न्हाणी नव्हती. ओटीला लिव्हिंग रूम म्हणावं तर ओटीवर माणसं राहत नाहीत, येतात-जातात. मधल्या खोलीला हॉल म्हटलं. गोठ्याला काय म्हणायचं यावर भाचा अडला आणि शेवटी वेळ जातोय म्हणून त्याने उरलेलं नाव त्याला चिकटवलं : गेस्ट रूम. त्या रात्री त्याने ऐटीत हिंदीत हुकूम सोडला, गेस्ट रूमची बत्ती लावण्याचा, आणि पलीकडे म्हैस दचकून उठली. आई म्हणाली, "ती पाहुणी कधीपासून? दूध तर तीच देते."

आईने स्वतः एकदाच प्रयत्न केला. टीव्हीसमोर उभी राहून, पदर सारखा करून म्हणाली, "दिवो लाय." पेटीने नम्रपणे थोडा वेळ विचार केला आणि टीव्हीवर दिव्या नावाच्या एका नटीचे सिनेमे ओळीने मांडले. त्यानंतर ती पेटीशी बोलली नाही. देवघरात मात्र तिने दिवा बसवूच दिला नाही. "देवापुढचा दिवा आपण लावायचा असतो, सांगून लावून घ्यायचा नसतो," एवढंच म्हणाली. पेटीचा एकच गुण तिला मनापासून पटला. पेटीच्या पाठीवरचं बटन दाबलं की हरवलेला रिमोट जिथे असेल तिथून ओरडतो. तो एकदा तांदळाच्या डब्यातून ओरडला, एकदा तिच्याच उशीखालून. असं बटन माझ्या चष्म्याला का नाही, हा तिचा प्रश्न मी भाच्याकडे पाठवला आहे.

असो. खरा प्रसंग जूनमधला.

भाचा परत जाताना एक ताकीद देऊन गेला होता : भिंतीवरची बटनं बंद करायची नाहीत. ही पेटी दिव्याला सांगते तेव्हा दिवा जागा असावा लागतो. बटन बंद केलं की दिवा मेला, मग त्याला कोण सांगणार? आम्ही विसरू म्हणून त्याने घरातल्या सगळ्या बटनांवर चिकटपट्टी लावली. आयुष्यभर रात्री निजण्याआधी आई घरातून एक फेरी मारते, गॅस, कडी, मांजर आणि बटनं बघते. त्या फेरीतलं शेवटचं काम चिकटपट्टीने काढून घेतलं.

आमच्याकडे पाऊस लागला की लाईट जाते. यात कुणाचा दोष नाही. जंगलातून तारा येतात, झाडं ओली होतात, फांदी पडते, लाईनमन बिचारा त्या पावसात काठी घेऊन तारेमागे फिरतो. तरी मनात एक गमतीचा विचार येतोच. काळी नदी आमच्याच तालुक्यात, डिग्गीच्या रानात उगम पावते. गणेशगुडीला तिच्यावर 101 मीटर उंचीचं सुपा धरण आहे. त्याच्या पायथ्याशी 100 मेगावॅट वीज होते, पुढे नागझरीला त्याच पाण्याची पुन्हा वीज होते, मग कोडसळ्ळीला, मग कद्र्याला. कैगाच्या अणुभट्ट्यांनाही पाणी याच नदीचं. एवढे दिवे लावून नदी कारवारच्या समुद्रात जाते. आम्ही तिच्या उशाशी राहतो, आणि उशाशी नेहमी अंधारच असतो.

तर त्या रात्री आठला लाईट गेली. जेवलो, निजलो. एरवी आईने अंधारातही चाचपून बटनं बंद केली असती. पट्टीमुळे केली नाहीत. रात्री अडीचला करंट परत आला आणि आमचं घर पेटलं. पेटलं म्हणजे सहाच्या सहा दिवे, ओटी, माजघर, न्हाणी, माळा, पडवी आणि पाहुणीची खोली, सगळे पूर्ण तेजाने, लग्नघरासारखे. या दिव्यांचा मूळ स्वभावच असा, की वीज गेली आणि आली की ते पूर्ण ताकदीने लागतात. का, तर माणूस अंधारात अडकू नये. हेतू चांगलाच आहे. पण हे ज्याने ठरवलं त्याच्या गावात रात्री अडीचला दिवा लागण्याचा अर्थ काय होतो, कोण जाणे.

आमच्याकडे त्याचे तीन अर्थ होतात. घरात बाळंतीण आहे, घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय, किंवा गोठ्यात बिबट्या शिरलाय. माझं वय पाहता पहिला अर्थ बाद. मी डोळे चोळत ओटीवर आलो तेव्हा पलीकडच्या टेकाडावर एक बॅटरी हलत होती. मग दुसरी. मग खालच्या घराकडून तिसरी. पावसात, ओहोळ ओलांडून, अर्ध्या तासात पाच माणसं आमच्या अंगणात उभी. एकाच्या हातात कोयता, एकाच्या हातात डबा, कारण तो चौकशीला निघाला की त्याची बायको सवयीने काहीतरी देतेच. टेकाडावरचे काका सगळ्यांत पुढे. त्यांनी आधी हळूच आईच्या खोलीकडे नजर टाकली, मग मला विचारलं, "कितें जालें रे मास्तर?"

काय सांगणार? तुंब्याने दिवे लावले म्हणून?

आई उठून आली होती. तिला पाहिल्यावर काकांचा श्वास मोकळा झालेला मला स्पष्ट दिसला, आणि आईलाही दिसला. ती काही बोलली नाही. आत गेली आणि चहा टाकला. रात्री तीनला आठ कप. ओटीवर गप्पा रंगल्या. बिबट्याच्या जुन्या आठवणी निघाल्या, एका मेलेल्या माणसाची पुन्हा एकदा पूर्ण कहाणी झाली. जाताना काका पेटीकडे बघून म्हणाले, "घरात असं खोटं बोलणारं ठेवू नये."

त्यांच्या या वाक्याने मी सकाळपर्यंत जागा होतो. आई जुन्या सुप्याची. काळी आणि पांढरी नदीच्या संगमावरचं सुपा, तालुक्याचं मूळ गाव. धरण 1987 मध्ये पुरं झालं, तोवर गाव उठून गेलं होतं. कुणी रामनगरला, कुणी आणखी कुठे, तालुक्याची कचेरी जोयड्याला. आई सांगते, शेवटच्या महिन्यांत ती रोज संध्याकाळी दिवे मोजायची. काल नऊ होते, आज आठ. कोण गेलं हे कुणाला विचारावं लागत नव्हतं, कुठला दिवा नाही ते बघितलं की झालं. शेवटचा दिवा कुणाचा होता हे तिला अजून माहीत आहे. नाव मात्र घेत नाही.

सकाळी भाच्याला फोन लावला. तो खूप हसला, मग म्हणाला, सोपं आहे. वीज परत आल्यावर दिव्याने काय करायचं, ते आपल्याला ठरवता येतं. लागायचं, बंद राहायचं, की वीज जाण्याआधी जसा होता तसा व्हायचं. तिसरा पर्याय ऐकायला शहाणा वाटला, पण विचार केल्यावर कळलं, लाईट जाते तेव्हा दिवे लागलेलेच असतात. म्हणजे पुन्हा अडीच, पुन्हा कोयता, पुन्हा आठ कप. मी बंगळूरच्या सांगण्यावरून एकेका दिव्याला 'बंद राहा' अशी समज दिली. साठी उलटल्यावर विद्यार्थी इतके शहाणे मिळाल्याचा आनंद झाला.

चार दिवसांनी पुन्हा रात्रभर लाईट नव्हती. पहाटे कधीतरी आली. आमचे दिवे सांगितल्याप्रमाणे गप्प राहिले, कुणाची झोप मोडली नाही. पाचला आई उठली. तिचा हात सवयीने ओटीवरच्या बटनाकडे गेला, तिने पट्टी काढून बटन खालीवर केलं. दिवा लागला नाही. कसा लागेल? बटन बंद करून पुन्हा चालू केलं की दिव्याच्या लेखी वीज गेली आणि परत आली, आणि परत आल्यावर बंद राहायची समज मीच दिली होती. आईला वाटलं, अजून करंट नाही. तिने चिमणी लावली, मागच्या स्वयंपाकघरात गेली आणि चूल पेटवली. समोरून बघणाऱ्याला आमचं घर काळंच.

आणि समोरून बघणारे होते. पहाटे पाचला दरीत सगळ्यांचे दिवे लागलेले, फक्त आमच्या ओटीवर अंधार. गेल्या कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच.

मला जाग आली ती मागच्या दारी आईच्या आवाजाने. ती कुणाशी बोलत नव्हती, आधणात आणखी एक कप पाणी ओतताना स्वतःशीच पुटपुटत होती. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. पाऊस थांबला होता, धुकं दरीत बसलं होतं, आणि टेकाडावरून एक बॅटरी घाईघाईने खाली उतरत होती. या वेळी एकच.

"साखर जास्त घाल," मी म्हटलं.

"घातली," आई म्हणाली. "आणि तो जुना पिवळा बल्ब माळ्यावर आहे. ते ओहोळ ओलांडायच्या आत ओटीवर लाव."