सोप्या भाषेचा विटाळ

सेनगावचं पोरगं पायथन शिकतंय म्हटलं, की पुण्याहून सुट्टीला आलेला इंजिनिअर पारावरूनच निकाल देतो, "ती काय भाषा? आधी सी प्लस प्लस घासून ये." पोराचा गुन्हा एवढाच, की हिंगोलीच्या हळद मार्केटमधली पट्टी त्याने चार ओळींत मांडली: भाव, वजन, हमाली, तोलाई, वजा जाता हाती किती. तेच चाळीस ओळींत लिहून, एका सेमीकोलनपायी रात्रभर जागला असता, तर प्रोफेशनल ठरला असता!

हे सोवळं जुनंच आहे. 1957 साली फोरट्रान आली, तेव्हा मशीन कोडवाल्यांनी नाकं मुरडली. 2019 मध्ये कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र जुळवायला पायथन राबली, तेव्हा मात्र विटाळ झाल्याचं ऐकिवात नाही. (तिच्या पोटात बरंचसं सी आहे, मान्य. सीच्या पोटात काय आहे, ते इंजिनिअरसाहेबांनी सांगावं.)

आणि 1964 ची बेसिक? ती तर मुद्दाम नवशिक्यांसाठीच काढलेली, म्हणजे पंगतीत पाटच नाही. पण मोठमोठ्या कंपन्यांचे कितीतरी हिशेब आजही एक्सेलच्या मॅक्रोवर चालतात, आणि त्या मॅक्रोची भाषा बेसिकचीच वंशज आहे.