जागृती पूर्ण झाल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. समन्वयक सर,
पर्यावरण जागृती समिती,
आपले (आणि परीक्षेपर्यंत आमचेही) महाविद्यालय,
जि. लातूर.

विषय : अर्जदार पर्यावरणाबाबत पूर्णपणे जागृत झाला असून त्यास पुढील जागृतीतून सूट मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी बी. ए. तृतीय वर्षात शिकत असून पर्यावरणाबाबत माणसाला जेवढं जागृत होता येतं तेवढा झालो आहे. यापुढे केलेली जागृती माझ्या अंगावरून नुसती वाहून जाईल. काहीही वाहून जाऊ देऊ नये, आधी अडवावं आणि मग जिरवावं, हे आपणच शिकवलेलं असल्याने हा अर्ज करणं भाग पडलं.

पुरावे देतो, कारण पुराव्याशिवाय आपल्याकडे काही घडलेलंच नसतं. तिसरीपासून परिसर अभ्यास झाला. पाचवीत असताना, २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ते अभ्यासक्रमात नव्हतं, पण लक्षात तेवढंच राहिलं. पुढे जलसुरक्षा. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा, म्हणजे एकदा सुरक्षित केलेलं पाणी पुन्हा सुरक्षित केलं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा सक्तीचा विषय करायला सांगितलं, त्यामुळे पदवीलाही तो आला. त्याच निकालात चित्रपटगृहांनी पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात असंही होतं. आमच्या गावचं चित्रपटगृह पाडून तिथे आता कॉम्प्लेक्स झालंय, तेव्हा ती एवढी एक जागृती माझ्याकडून राहिली. ‘माझी वसुंधरा’ची ई-शपथ घेतली आहे, मिशन लाइफची घेतली आहे. दोन्ही प्रमाणपत्रं छापून आणायला सांगितलं होतं, तीही रंगीत छापून दिली आहेत.

आता ५ जूनबद्दल.

हा दिवस स्टॉकहोमवरून आला याबद्दल माझी काही तक्रार नाही. १९७२ साली ५ जूनला तिथे संयुक्त राष्ट्रांची परिषद सुरू झाली, इंदिरा गांधी तिथे जाऊन बोलल्या, सगळं व्यवस्थित झालं. त्या वर्षी आमच्याकडे मात्र पाऊस आला नाही. माझे आजोबा तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि घरात लाल मिलोच्या भाकरी होत होत्या. अडचण एवढीच की ५ जूनला मृग लागलेलं नसतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं. शेतकरी थांबतो. आपण थांबत नाही. ठणठणीत मुरमात, सुट्टीसाठी गावी न गेलेल्या हॉस्टेलच्या पोरांना गोळा करून, सकाळी साडेदहाच्या उन्हात आपण वृक्षारोपण करतो, कारण स्वीडनमध्ये त्या सुमारास हवा फार छान असते.

गेल्या तिन्ही वर्षांचे अहवाल मी ग्रंथालयात बसून वाचले. जिओटॅग केलेले फोटो सुरेख आहेत. अक्षांश-रेखांश तिन्ही वर्षी दशांशचिन्हानंतरच्या पाचव्या स्थळापर्यंत जुळतात. हे भूगोलाच्या सरांना दाखवलं, तर त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि जीपीएसची अचूकता वाखाणण्याजोगी आहे असा अभिप्राय दिला. पाहुणे बदलले, प्राचार्य बदलले, बॅनरवरचं साल बदललं; जागा एक आणि झारीही तीच. पहिल्या वर्षी ती मीच धरली होती. ती रिकामी होती, पण फोटोत झारीच्या आतलं दिसत नाही.

रोपाचं नाव कोणी विचारलं नव्हतं. अहवालात ‘औषधी वनस्पतींची लागवड’ असं आलं आहे. ते ग्लिरिसिडिया होतं. त्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात. औषध आहेच ते, पण उंदरांसाठी.

वसुंधरा दिनाची प्रतिकृती स्पर्धाही मला आठवते. पहिलं बक्षीस मिळालेली पृथ्वी थर्माकोलची होती, दुसऱ्या बक्षिसाचा ध्रुवीय बर्फही थर्माकोलचा होता. (तो वितळत नाही, एवढा आशावाद त्यात होता.) १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांची यादी मी नंतर वाचली : सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकचे झेंडे, फुग्यांच्या काड्या, प्लास्टिकचे चमचे, निमंत्रणपत्रिकेवरचं पातळ वेष्टण, १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचे बॅनर. वाचताना वाटलं, आपल्या समितीची खरेदीची चिठ्ठी चुकून सरकारी राजपत्रात छापली गेली आहे. महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच बंदी आहे आणि पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. पहिल्या बक्षिसाची रक्कम त्याहून बरीच कमी होती, हे सहज सांगतो.

प्रश्नमंजूषा, घोषवाक्य स्पर्धा, रांगोळी, रॅली यांबद्दल काही लिहीत नाही. ते सगळं छान झालं आणि दुपारी दोनच्या आत संपलं.

एका शिबिराबद्दल मात्र लिहायला हवं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष श्रमसंस्कार शिबिरात आपण आम्हाला दत्तक गावी नेलं आणि पाणीबचतीवर पथनाट्य करायला लावलं. मी त्यात नळ झालो होतो. नाटक संपल्यावर पुढे बसलेल्या एका आजीने मला बोलावलं. तिच्या दारात एक घमेलं होतं. भाजी धुतलेलं पाणी त्यात, त्यातच हात धुतलेलं, संध्याकाळी ते शेळीच्या पुढ्यात, आणि शेळीने नाक मुरडलं तर परसातल्या लिंबाला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं होतं. मग विचारलं, “का रं लेकरा, तुमच्या कालेजात रोज किती टँकर येतेत?” नळाच्या भूमिकेत याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. अहवालात ‘ग्रामस्थांमध्ये पाणीबचतीविषयी जागृती निर्माण झाली’ असं वाक्य आहे. सर, त्या आजीमध्ये ती कुठे निर्माण झाली, हे मला अजून सापडलेलं नाही.

तसाच पर्यावरणाचा प्रकल्प. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अभ्यासक्रमात जवळपासच्या एखाद्या प्रदूषित जागेला भेट द्या, असं लिहिलेलं होतं. बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गंगेच्या प्रदूषणाचा प्रकल्प स्पायरल करून तयार मिळतो, म्हणून जवळजवळ सगळ्या वर्गाने गंगेला भेट दिली. आपल्या कंपाउंडच्या मागून ओढा जातो. तो मांजरा नदीला मिळतो असं म्हणतात. आता मिळत नसावा, कारण नव्या सभागृहाच्या पायाचं दगड-मातीचं भरण त्यात पडलं आहे. मी प्रकल्पासाठी तो ओढा मागितला होता. ओढा महाविद्यालयाच्या हद्दीत येत नाही, असं मला कार्यालयातून सांगण्यात आलं. भरण टाकताना तो हद्दीत होता.

तर सर, माझ्या अर्जाचं खरं कारण इथे येतं. जागृती वाटण्याची आपली पद्धत पाण्यासारखी आहे, ती नेहमी उताराकडेच जाते. प्राचार्यांकडून प्राध्यापकांकडे, प्राध्यापकांकडून विद्यार्थ्यांकडे, विद्यार्थ्यांकडून दत्तक गावाकडे, आणि गावात सगळ्यात शेवटी त्या आजीकडे, जिच्याकडे घमेलं आधीपासून आहे. चढावर ती कधी गेलेली मी पाहिली नाही. संस्थेचे सचिव दरवर्षी येतात, पण जागृती करायला, व्हायला नव्हे. बांधकाम समितीसाठी घोषवाक्य स्पर्धा नसते. खरेदी समितीला शपथ देत नाहीत. आणि ज्या गोष्टींनी या आवाराचं ऊन, पाणी, सावली ठरते, त्या सगळ्या या दोन समित्यांच्या सहीने होतात.

पोर्चसमोरच्या जुन्या लिंबाचं उदाहरण घ्या. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याच्या बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवले, वर पांढरा-तांबडा पट्टा मारला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. हा मुद्दा आम्ही वक्तृत्व स्पर्धेत मांडून उत्तेजनार्थ बक्षीसही मिळवलं. त्याच वेळी बाहेर ब्लॉक कापायची मशीन सुरू होती, म्हणून परीक्षकांनी खिडक्या लावायला सांगितल्या. विद्यार्थी पेव्हर ब्लॉकचं टेंडर काढत नाहीत, सर. काढणाऱ्याला त्या हॉलमध्ये बसवलं असतं तर खिडक्या उघड्या ठेवता आल्या असत्या.

आता या आवारात खरोखर जगलेल्या झाडांविषयी. मुलींच्या वसतिगृहामागे तीन लिंब आहेत. ते ५ जूनचे नाहीत. माळीमामांनी ते पाऊस बसल्यावर, जुलैच्या मध्यात, कोणाला न विचारता लावले. वसतिगृहात पिण्याच्या पाण्याचं आरओ यंत्र आहे. ते जेवढं पाणी शुद्ध करतं त्याच्याहून जास्त बाहेर टाकतं, आणि ते खारट पाणी सरळ गटारात जात होतं. मामांनी कुठूनतरी जुना पाइप पैदा केला, सुतळीने बांधला आणि ते पाणी लिंबांकडे वळवलं. लिंबाला खारटाचं फारसं वावडं नसतं, हे मामांना कोणत्याही सत्रात शिकवलेलं नव्हतं. दोन उन्हाळे ती झाडं त्या पाण्यावर निघाली. कोणत्याही अहवालात त्यांचा फोटो नाही.

नॅकची पीअर टीम यायच्या आदल्या संध्याकाळी पाइप काढला. दिसायला बरं नाही म्हणून. भिंतीवर ओल आली होती, सुतळी लोंबत होती, तेही खरंच. त्या जागी ‘जलपुनर्वापर प्रकल्प’ असा फलक लावला आणि फलकाचा फोटो सातव्या निकषाच्या फाइलला जोडला. फलक अजून आहे. पाणी पुन्हा गटारात जातं.

यावर मला हसू आलं असं लिहिणार होतो. आलं नाही. आरओच्या गटारावर उभा राहून मी तो फलक दोनदा वाचला, आणि त्यातलं शुद्धलेखन बरोबर आहे एवढंच म्हणण्यासारखं सापडलं.

सबब विनंती अशी की, मला जागृती पूर्ण झाल्याचा दाखला द्यावा आणि माझ्या वाट्याची उरलेली जागृती बांधकाम समितीकडे वर्ग करावी. व्याख्यानाला मोठा पाहुणा नको. समितीच्या सदस्यांना एप्रिलमधल्या एका दुपारी लिंबाखालच्या ब्लॉकवर अनवाणी उभं करावं, तेवढ्याने भागेल. पुढच्या वर्षीचं वृक्षारोपण जुलैत ठेवावं. फोटोत चिखल येईल, पण तो चालवून घ्यावा. वर्षभरात टँकरवर किती खर्च झाला ते सूचनाफलकावर लावावं, घोषवाक्यांच्या शेजारी. आणि यातलं काहीच नियमात बसत नसेल, तर दाखलाही राहू द्या, फक्त तो पाइप परत द्या. तो स्टोअर रूममध्ये, गंजलेल्या ट्री गार्डांच्या मागे, उजव्या हाताला आहे. चावी आपल्याकडे असते.

कळावे,

आपला आज्ञाधारक,
बी. ए. तृतीय वर्ष, माजी नळ

प्रत माहितीस्तव :

मा. सचिव, यांना. (जागृतीपर मजकूर आहे, पाहुणे म्हणून नव्हे, वाचक म्हणून स्वीकारावा.)

खरेदी समिती, यांना. (यात कोटेशन जोडलेलं नाही, कारण काही विकत घ्यायचं नाही.)

माळीमामा, यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “पाइपाला दोन क्लिपा बी लागतेल, सुतळी उन्हानं तुटते. तेवढं लिवा.”